इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पितळी तोटी मोडून बसली, आटे आत अडकले: बीड (ओतीव लोखंड) न दुखावता कशी काढावी?

तापीकाठ (मंगळवार, रात्री ९.४०)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. घरी मॅसी १०३५ ट्रॅक्टर आहे, तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन. वडिलांनी घेतला तेव्हा मी चौथीत होतो, आता माझा मुलगा चौथीत आहे. वडील गेले, ट्रॅक्टर अजून पहिल्या हाकेला चालू होतो. म्हणूनच जीव तुटतोय.

गेल्या वर्षापासून रोटाव्हेटरला लावला की इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायचा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पाण्याचा सगळा मार्ग धुऊन घ्यायचं ठरवलं. रेडिएटरची खालची तोटी उघडली. ब्लॉकच्या कुशीतली पितळी तोटी मात्र वर्षानुवर्षं कुणी हलवलेली नव्हती. पाईप पाना लावून जोर दिला आणि ती ब्लॉकच्या तोंडाशी सपाट मोडली. बाहेर धरायला काहीच उरलं नाही.

बाजारातून मोडके तुकडे बाहेर काढायच्या ईझी-आऊटचा संच आणला, उलट्या आट्याचा. ठोकून फिरवला तर आतलं पितळ बिस्किटासारखं कडेने झडलं, पण आटे हलले नाहीत. तिथेच थांबलो. नांगरटी बाकी आहे, त्यानंतर मृगबागेची (मृगातल्या केळी लागवडीची) तयारी. कुणी असं काम स्वतःच्या हाताने केलं असेल तर नीट सांगा.

शिरपूरकर (मंगळवार, रात्री १०.०५)

सोपं आहे दादा. वेल्डिंगवाल्याला बोलवा, मोडक्या तुकड्यावर नट ठेवून आतून वेल्ड भरायला सांगा, गरम असतानाच पाना लावा. माझ्या ट्रॉलीच्या हबचे दोन स्टड असेच निघाले. दहा मिनिटांचं काम.

स्पेअरवाली_ताई (मंगळवार, रात्री १०.३०)

शिरपूरकर भाऊ, तुमचे स्टड लोखंडाचे होते. पितळावर साधा रॉड धरत नाही. पितळात जस्त असतं, ते ९०७ अंशाला उकळतं. आर्क लागला की पांढरा धूर निघतो, वेल्ड बुडबुड्यांचा होतो आणि तो धूर छातीत गेला तर रात्री ताप भरतो. आमच्या धुळ्याच्या दुकानासमोर वेल्डिंगचं शेड आहे, हे डोळ्यांनी पाहिलंय.

तापीकाठ भाऊ, तीन गोष्टी सांगा. तोटी मोडली त्या ठिकाणी धातूचा रंग कसा आहे? मधलं भोक आरपार मोकळं आहे का? आणि मोडली तेव्हा पाणी किती आलं?

तापीकाठ (बुधवार, सकाळी ६.१५)

ताई, उजेडात नीट बघितलं. बाहेर पडलेला तुकडा वरून पिवळा, पण मोडलेलं तोंड पिवळं नाही. तांबूस, जवळजवळ नव्या विटेच्या रंगाचं, मध्ये बारीक भोकं. नखाने खरवडलं तर भुकटी निघते. भोकात तार घातली, साधारण १२ मिमीवर मऊ काहीतरी लागतं. पाणी म्हणाल तर चार थेंब आले, बस. ब्लॉक मात्र भरलेला होता, कारण वरचा होज काढल्यावर पाणी दिसत होतं.

डिझेल_आबा (बुधवार, सकाळी ८.५०)

ताईने बरोबर प्रश्न विचारले. मी ३४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, आता भुसावळला घरी असतो. तुझं वर्णन वाचून सांगतो.

तांबूस रंग म्हणजे पितळ मेलंय. क्षाराचं गरम पाणी वर्षानुवर्षं लागलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा जाळीदार सांगाडा राहतो. आकार तोच दिसतो, जोर शून्य. बोअरचं पाणी घालत असशील. आपल्याकडचं बोअर म्हणजे टाकीच्या कडेला पांढरे थर, तेच इंजिनात जातं. म्हणून ईझी-आऊट चालला नाही आणि चालणारही नाही. तो पाचरीसारखा आत शिरून पोकळ तुकडा बाहेरच्या अंगाला फाकवतो, आटे बीडाला आणखी घट्ट बसतात. तू थांबलास ते फार चांगलं केलंस. ईझी-आऊट कडक पोलादाचा असतो, आत मोडला तर साध्या ड्रिलने निघत नाही. मग ब्लॉक उतरवायची वेळ येते.

आता दुसरी गोष्ट, जी तुला तोटीपेक्षा महत्त्वाची वाटली पाहिजे. ब्लॉक भरलेला असताना चारच थेंब आले. म्हणजे तोटीच्या मागे गाळ बसलाय. तुझा काटा का चढतो याचं उत्तर तिथे आहे.

काढायची रीत अशी. तोंडावर डिझेल नाही, आत झिरपणारं तेल टाक. मिळत नसेल तर ऑटोमॅटिक गिअरचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं हलवून घे. सकाळ-संध्याकाळ टाकत राहा, दोन दिवस. इतली घाई कसाले करस भाऊ, दोन दिवसांनी नांगरटी पळून जात नाही.

मग गरम करायचं. पितळ बीडापेक्षा जास्त फुगतं. १३ मिमीचं पितळ २०० अंशांनी तापलं तर साधारण पाच शतांश मिमी फुगतं, तेवढंच बीडाचं भोक तीन शतांशांच्या आसपास. मधल्या दोन शतांशांना जागाच नाही. पितळ मऊ, बीड खंबीर, म्हणून पितळ स्वतःच दबतं. निवल्यावर ते आकसतं तेव्हा आधीपेक्षा तेवढं लहान झालेलं असतं. दोन शतांश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण गंजाची पकड मोडायला पुरतं. दोन-तीनदा गरम कर, आपोआप निवू दे. निवताना मेणबत्तीचं मेण तोंडाला लाव, ते वितळून आट्यात ओढलं जातं.

रावेर_केळी (बुधवार, दुपारी १.२०)

आबा, सगळं मान्य. पण आत्ता मोसम आहे. मी असतो तर भोक साफ करून एम-सील भरलं असतं आणि पाऊस लागल्यावर निवांत काढलं असतं. केळीला पाणी चुकलं की घड बारीक राहतो. ट्रॅक्टर थांबला तर सगळं थांबतं.

डिझेल_आबा (बुधवार, दुपारी २.००)

तुझी काळजी खरी आहे, माझ्या भावाचीही केळी आहे. पण एम-सील लावलं तर गाळ आत राहील. या इंजिनात पाणी पुढच्या पंपाकडून येतं, तिसरं सिलिंडर सगळ्यात मागे. गाळ तिथे जास्त साचतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात रोटाव्हेटर. हेड वाकलं किंवा लायनर घासला तर दोन दिवसांचं काम महिन्यावर जाईल. आणि चालू असताना एम-सील सुटलं तर शेतात कुणाच्या लक्षात येणार? काटा बघेपर्यंत पाणी गेलेलं असेल.

शिरपूरकर (बुधवार, दुपारी ३.१०)

आबा, गरम केल्यावर वरून बर्फाचं पाणी टाकलं तर लवकर आकसेल ना?

डिझेल_आबा (बुधवार, दुपारी ३.२५)

नाही. अजिबात नाही. बीडावर गार पाणी पडलं तर तडा जातो, आणि ब्लॉकचा तडा नीट बुजत नाही. फार तर चिंधीचा ओला बोळा फक्त पितळाच्या भोकात टेकव. बीडाला हात लावू नकोस. गरम करण्याआधी डिझेलची नळी, वायर आणि जवळचं तेल पुसून घे. बाजूला वाळूची बादली ठेव.

लेथवाला_अमळनेर (बुधवार, रात्री ८.१५)

आबांच्या पुढचं काम माझं, म्हणून लिहितो. गरम करूनही हललं नाही तर आतून चिरा पाडून काढावं लागेल. असे नळाचे तुकडे मी शेकड्याने काढलेत.

आधी मधलं भोक मोठं करायचं. दोन सुती पाईपचा आटा बाहेरून १३ मिमीच्या जवळ असतो (नावाला पाव इंच, माप भलतंच, इथे नवे लोक फसतात). आट्याचा तळ साडेअकराच्या आसपास. म्हणून ड्रिल १० मिमीच्या पुढे नेऊ नका. ८ ने सुरू करा, मग ९, मग १०. पितळ ड्रिलला ओढून घेतं, एकदम आत खेचतं. त्यासाठी ड्रिलची कापणारी धार दगडावर किंचित घासून बोथट करा, मग ते खरवडत जातं. ड्रिलला १२ मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा. पुढे सिलिंडरची भिंत आहे.

मग हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा. ब्लेड अर्ध्या इंचाची असते, १० च्या भोकात जाणार नाही. पाठ ग्राइंडरवर घासून ६ मिमी करा, दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा, नाहीतर कडकपणा जातो. एका टोकाला चिंधी गुंडाळा, दात आपल्याकडे, ओढताना कापायचं. समोरासमोर दोन चिरा.

आता मुख्य खूण. किसाखाली कागद धरा आणि कीस लोहचुंबकाजवळ न्या. पितळाचा कीस जागचा हलत नाही. काळसर कण टपकन उडी मारून चिकटले की समजा बीड लागलं, तिथेच हात थांबवा. डोळ्याला आतलं दिसत नाही, चुंबकाला कळतं.

चिरा झाल्या की अरुंद छिन्नीने एक कड आतल्या बाजूला दुमडा. एकदा आत वळली की सगळा तुकडा ढिला होतो.

स्पेअरवाली_ताई (बुधवार, रात्री ९.००)

लेथवाले भाऊंच्या आधी अजून एक उपाय करून बघा. जुन्या कानशीची शेपटी, म्हणजे मूठ बसते तो निमुळता चौकोनी भाग, भोकात हलक्या हाताने ठोका आणि पाना लावा. शेपटी अंगापेक्षा नरम असते, त्यामुळे मोडायची भीती कमी. तुमचं पितळ भुसभुशीत आहे, त्यामुळे हमी नाही. पण गरम करून निवल्यावर एकदा करून बघण्यासारखं आहे. झडायला लागलं तर लगेच सोडा.

तापीकाठ (शुक्रवार, रात्री ११.१०)

काम झालं. सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या माणसाला उपयोग होईल.

गुरुवारी सकाळ-संध्याकाळ आणि आज पहाटे तेल टाकलं. दुपारी प्लंबरकडचा गॅसचा टॉर्च आणला. डिझेलची नळी काढून ठेवली, वायरींना ओलं गोणपाट बांधलं. तीनदा गरम केलं, तीनदा निवू दिलं. तिसऱ्यांदा मेण लावलं तेव्हा ते आट्याच्या कडेने गोल फिरून आत गेलं. ते बघून पहिल्यांदा धीर आला.

कानशीची शेपटी लावली. पाव फेरा फिरली! मनात म्हटलं झालं. पण तुकडा फिरला नव्हता, आतलं पितळ झडून शेपटी मोकळी फिरत होती. ताई म्हणाल्या तसं लगेच सोडलं.

मग लेथवाल्या भाऊंची रीत. ८, ९, १०. धार घासून घेतली होती म्हणून ड्रिल एकदाही ओढलं गेलं नाही. चुलतभावाने कागद धरला, मी किसत होतो, पोरगा जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक घेऊन बसला होता. दर पाच-सहा ओढींनंतर तो चुंबक फिरवायचा. पहिली चीर पूर्ण पिवळ्या-तांबूस किसाची. दुसऱ्या चिरेला त्याने एकदम "बाबा, काळं आलं!" असं ओरडून सांगितलं. चार-पाच कण चिकटले होते. थांबलो. त्या एका जागी बीडाच्या आट्याला बारीक ओरखडा आहे, बॅटरीने दिसतो. तो थांबला नसता तर मी अजून किसत बसलो असतो.

छिन्नीने कड दुमडली तेव्हा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. त्यानंतर तुकडा नाकपक्कडने तीन भागांत हाताने निघाला.

आणि पाणी तरीही आलं नाही. आबा, तुमचं खरं निघालं. सायकलची तार वाकवून आत घातली, आधी काळा घट्ट गाळ लोण्यासारखा लोंबला, मग भसकन लाल-तपकिरी पाणी. पाईपने वरून पाणी सोडून धूत राहिलो. खाली ठेवलेल्या परातीत गाळ खाली बसू दिला तर दोन वाट्या भरेल इतका. पांढऱ्या खपल्या वेगळ्या. हेच इतकी वर्षं तिसऱ्या सिलिंडरभोवती होतं.

आता प्रश्न नव्या तोटीचा. दुकानदाराने जी दिली ती हाताने दीड फेरे जाते आणि अडते. दाबून बसवू का?

लेथवाला_अमळनेर (शनिवार, सकाळी ७.०५)

दाबू नका! दोन जातींचे आटे आहेत. बीएसपी (ब्रिटिश मापाचे) आणि एनपीटी (अमेरिकन मापाचे). दोन सुती मापात बीएसपीला इंचाला १९ आटे, कोन ५५ अंश. एनपीटीला १८ आटे, कोन ६० अंश, आणि व्यासही अर्धा मिमी जास्त. एका मापावर दीड-दोन फेरे दोन्ही जातात, मग अडतात. पाना लावला की बीडाचे आटे मरतात. जुना बाहेर मोडलेला तुकडा आहे ना, त्याचे आटे गेजने मोजा. गेज नसेल तर दोन्ही जातींच्या तोट्या शेजारी आडव्या धरून आटे एकमेकांत बसतात का बघा. उजेडाकडे धरा, फट दिसते.

स्पेअरवाली_ताई (शनिवार, सकाळी ९.३०)

आणि फक्त मॉडेल सांगून तोटी मागू नका. जुन्या ट्रॅक्टरला मधल्या काळात कुणी कोणता टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारलाय ते कागदावर नसतं. नमुना हातात घेऊनच दुकानात जा. आमच्याकडेही गिऱ्हाईक नुसतं नाव सांगतं तेव्हा मी नमुना आणायला परत पाठवते, राग येतो लोकांना.

तापीकाठ (रविवार, सायंकाळी ६.४५)

गेजने मोजलं, १९ निघाले. म्हणजे माझ्या ट्रॅक्टरला बीएसपी, आणि दुकानातून मिळालेली एनपीटी होती. बदलून आणली. बीएसपीचा टॅप लेथवाल्याकडून भाड्याने घेऊन हलक्या हाताने आटे साफ केले, ग्रीस लावून, म्हणजे चूर आत पडू नये. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे.

पहिल्यांदा टेफलॉन टेप लावून बसवली, ओरखड्याच्या जागेतून थेंब येत होता. परत काढली, धागा आणि सफेदा लावून बसवली. आता कोरडी आहे. आज दुपारी दोन वाजता मुद्दाम रोटाव्हेटर लावला, तास-दीड तास. काटा मधल्या पट्ट्यात बसून राहिला. पूर्वी वीस मिनिटांत चढायचा.

आई बांधावर येऊन उभी होती. बोनेटवर हात ठेवून बघितला तिने, वडील ठेवायचे तसा.

डिझेल_आबा (रविवार, रात्री ८.२०)

शाब्बास. पोराला माझ्याकडून खाऊ दे, चुंबक त्याने धरलं होतं.

दोन गोष्टी राहिल्या. एक, आता बोअरचं पाणी घालू नकोस. पत्र्यावरचं पावसाचं पाणी धरून गाळून ठेव, नाहीतर डिस्टिल्ड वॉटर आण, आणि त्यात निम्मं कूलंट घाल. लोक म्हणतात आपल्याकडे बर्फ पडत नाही, कूलंट कशाला? ते गोठण्यापुरतं नसतंच. त्यात गंज रोखणारी औषधं असतात आणि पाणी उशिरा उकळतं. नुसत्या पाण्यात नवी तोटीसुद्धा पुन्हा तांबूस होईल.

दोन, गाळ निघाल्यावर जुन्या इंजिनाचे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) कधी कधी पाझरतात, कारण इतके दिवस गाळच बूच होऊन बसलेला असतो. आठ दिवस रोज सकाळी, इंजिन थंड असताना, ब्लॉकच्या कडेने हात फिरव. ओलं लागलं तर लिही. आणि ही तोटी दर सहा महिन्यांनी एकदा उघडून बंद कर.

रावेर_केळी (रविवार, रात्री ८.५०)

मी एम-सीलचं म्हणालो होतो, ते मागे घेतो. आज माझ्या ट्रॅक्टरची तोटी उघडून बघितली. उघडली, पण पाणी तिरपं, बारीक धारेने आलं. उद्या वरचा होज काढून धुतोय. मोडलेली नाही तोवरच करतो.

शिरपूरकर (सोमवार, सकाळी ७.१५)

आबा, माझ्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा एक स्टड हेडमध्ये मोडलाय. लोखंडी आहे, दोन आटे बाहेर दिसतात. त्याला तर नट वेल्ड चालेल ना?

डिझेल_आबा (सोमवार, सकाळी ७.४०)

त्याला चालेल, तिथे तुझीच रीत बरोबर. बॅटरीची वायर आधी काढ, अर्थिंग स्टडजवळ लाव, वेल्ड लाल असताना पाना लावू नकोस, काळा पडल्यावर लाव, आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा, मग सोडायला. फोरमवर नवा धागा काढ आणि फोटो टाक, इथे गोंधळ होईल.